कुमरेचा नवा बंब

गुडघ्याच्या इंजेक्शनसाठी बोंगसुन जंगसन गावच्या दवाखान्यात नंबर लावून बसली होती. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"कुमरेआक्का, लेकानं लाकडाचा बंब बसवून दिला म्हणे?"

"केवढा थोरला आहे गं! अंगणात ठेवलाय, नि गरम पाण्याच्या नळ्या घरभर जमिनीखालून फिरवल्यात. आता मस्त पाठ शेकत झोपते."

"पण लाकडं कोण घालतं?"

"तुझे दाजी."

"दाजी? अर्धांगाच्या झटक्यापासून ते तर भिंतीकडे तोंड करून पडलेत ना?"

"पडले होते. पहिल्याच दिवशी मी ओली लाकडं कोंबली. धूर सगळा घरात! ठसकत उठले, काठी टेकत बाहेर आले आणि तासभर मला बोलले."

"अगंबाई! तासभर?"

"दोन वर्षांत तोंडातून शब्द निघाला नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी हवेची झडपच बंद ठेवली."

"मुद्दाम? आक्का, तुझा तर अख्खा जन्म चुलीपुढे गेला!"

"हळू बोल, बाई."

डॉक्टरांचं दार उघडलं. काठी टेकत एक म्हातारा बाहेर आला. बोंगसुननं पाय ओढून घेऊन त्याला वाट दिली. तो मागच्या बाकापाशी जाऊन थांबला.

"चल, ऊठ लवकर. बंब विझायला आला असेल. इतकं सांगतो, पण हिला त्यातलं काडीचं कळत नाही."

"खरंच हो, माझ्या डोक्यातच शिरत नाही. उद्या पुन्हा एकदा दाखवाल?"