दोन उतारे, एक बोट

ताई: आधी ती काच खाली ठेव बघू. तुझ्या हातात काच असली की बोलायची भीती वाटते मला.

भाऊ: बोल गं तू. हात कामात आहेत, कान मोकळे आहेत. फक्त हळू बोल, अप्पांना झोप लागलीय खुर्चीत.

ताई: लागू दे. ऊन अंगावर आलं की डुलकी ठरलेली. तुझ्या या काचांमुळे दुकानभर ऊन कसं हलतंय बघ. पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं.

भाऊ: हं. काम काय काढलंस?

ताई: वर्गासाठी सरावसंच करतेय. दोन उतारे द्यायचे. मुलांनी वाचून सांगायचं, दोघांत सारखं काय नि वेगळं काय. त्यातला एक तुझा घेतलाय.

भाऊ: माझा? मी फ्रेमा करणारा माणूस. मी कधी उतारा लिहिला?

ताई: तिसरीत. शाळेच्या अंकात छापून आला होता. ऐक. ‘धुकं दुधासारखं होतं. वल्हं पाण्यात पडलं. अप्पा म्हणाले, समोरच्या झाडाकडे बघ, मान वळवू नकोस, हलू नकोस. मग धप्प आवाज झाला आणि अप्पा गेले. मी एकटाच. पण बोटीला माझी दया आली. ती आपली आपण चालू लागली. झाड मोठं मोठं होत माझ्याकडे आलं.’

भाऊ: बंद कर ते.

ताई: अरे, किती सुंदर लिहिलंयस!

भाऊ: सुंदर कसलं डोंबलाचं. अजून स्वप्नात येतं ते. झाड जवळ येत राहतं, मी हलत नाही, मागे कुणी नाही. चाळिशी उलटली माझी, तरी येतं. आणि हे तू पोरांना वाटणार?

ताई: नावं काढून टाकलीत. खरं सांगू? काल वर्गात देऊनही झालं.

भाऊ: मला न विचारता?

ताई: चुकलं माझं. म्हणून तर छापण्याआधी विचारायला आलेय. पण दुसरा उतारा ऐकून घे. तो माझा आहे. कपाट आवरताना जुनी वही सापडली, त्यात होता. त्याच सकाळचा.

भाऊ: तू तर आईबरोबर काठावर होतीस. तुला धुक्यात काय दिसणार?

ताई: काठाजवळ विरळ झालं होतं. ‘आई हाका मारून दमली. मग धुक्यातून बोट आली. पुढे आमचं ध्यान बसलं होतं, पुतळ्यासारखं. मागे पाण्यात अप्पांचं डोकं दिसत होतं, उपड्या पातेल्यासारखं. ते दोन्ही हातांनी बोट ढकलत होते. मला हसू आलं, पण आई रडत होती म्हणून मी हसले नाही.’

(काच टेबलावर ठेवल्याचा आवाज.)

भाऊ: पुन्हा वाच.

ताई: कुठून?

भाऊ: मागे पाण्यात.

ताई: ‘मागे पाण्यात अप्पांचं डोकं...’ अरे, म्हणजे तुला ठाऊकच नव्हतं?

भाऊ: कोण सांगणार? आईने मला उचलून घेतलं, तेव्हा अप्पा काठावर शर्ट पिळत उभे होते. मला वाटलं, हे आधीच पोहून निघून आले. मला टाकून.

ताई: मला वाटायचं, बोटीत तूच होतास, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यात आईने बजावलेलं, या घरात तळ्याचं नाव काढायचं नाही.

भाऊ: आणि पंधरा दिवसांनी अप्पा परगावी कामाला गेले. पाच वर्षं. मला ते एकच वाटलं, ताई. आधी पाण्यात गेले, मग गाडीत बसून गेले.

ताई: म्हणून त्यांच्याशी असा तुटक वागतोस? मी आपली समजत होते, तुझा स्वभावच घुमा.

भाऊ: पोरांनी काय लिहिलं?

ताई: बहुतेकांनी लिहिलं, पाणी सारखं, धुकं सारखं. एकीचं मात्र घेऊन आलेय. ‘दोन्ही उताऱ्यांत एकच बोट आहे. पहिला मुलगा खोटं बोलत नाही. त्याला मान वळवू नकोस असं सांगितलं होतं आणि त्याने ऐकलं.’

भाऊ: किती मार्क दिलेस तिला?

ताई: पैकीच्या पैकी.

अप्पा: कुणाला गं, पैकीच्या पैकी?

ताई: अगंबाई, जागे आहात होय!

अप्पा: तळ्याचं चाललं होतं ना? तुमची आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते नाव निघालं की मी अजून दाराकडे बघतो.

भाऊ: अप्पा, तुम्ही तेवढा वेळ माझ्या मागे पोहत होता?

अप्पा: पोहतोय कुठला? मला पोहता कुठे येतं?

भाऊ: मग?

अप्पा: मग काय. वल्हं गेलं, आणि बांधावरून पाणी खाली कोसळतं ना, तिकडे बोट सरकायला लागली. आवाज येत होता. नुसतं बसून कसं चालेल? उतरलो. हातांनी बोट धरली नि पाय झाडत राहिलो. तू जरा जरी वळला असतास, तर उलटलीच असती. हलला नाहीस. काठाला लागलो ते तुझ्यामुळे.

भाऊ: मी लिहिलेलं तुम्ही वाचलं होतं का, तेव्हा?

अप्पा: वाचलं तर! तुझ्या आईने टपालाने अंक पाठवला होता. खोलीतल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला मी. बोटीला दया आली म्हणे!

भाऊ: मग मला खरं का नाही सांगितलंत?

अप्पा: काय सांगायचं? इतकी चांगली होती रे तुझी बोट. म्हटलं, असू दे.

ताई: ...छापू ना मी हे?

भाऊ: छाप. पण समोरासमोरच्या पानांवर छाप. मध्ये पान उलटायला लागू नये.

ताई: बरं. चला अप्पा, उन्हं उतरली. निघू या आपण.

भाऊ: त्यांना राहू दे आज इथेच. वरची खोली रिकामीच असते.

अप्पा: नको रे बाबा. मी फार घोरतो. उगाच तुझी झोपमोड.

भाऊ: घोरा खुशाल. तेवढंच कळत राहील, आहात म्हणून.