महिन्याला दीड होळगी

— नाही हो, त्या कॉटवर नका बसू, तिथं कौद्या घड्या घालून ठेवल्यात — इकडं या खुर्चीवर बसा, पंख्याखाली. आणि ती कात्री पिशवीत घाला आधी. घाला म्हणते ना. सँपल कापायचं का नाही ते नंतर बघू, आधी बोलू. बेळगावचे ना तुम्ही? मग बरं झालं. मागच्या खेपेला तुमच्या अन्न खात्यानं ज्यांना पाठवलं होतं ते दावणगेरीचे, त्यांना मी सगळं कन्नडमधून सांगितलं — कन्नड मला मराठीइतकंच येतं, चाळीस वर्षं धारवाडात काढलीत — पण त्यांना कन्नडमधूनही कळलं नाही. ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि लिहून काय नेलं? 'राहत्या घरात गोधड्यांची बेकरी.' बेकरी! भट्टी दिसती का हो तुम्हाला कुठं? ही बैठकीची खोली, आमचे वकीलसाहेब असताना पक्षकार बसायचे इथं, ते गेल्याला सहा वर्षं झाली, आता कौद्या बसतात. झालं.

दुकान कुठाय म्हणता? दुकान नाहीच हो. दुकान त्या खोक्यात आहे, त्या क्रोशाच्या रुमालाखाली. माझी पुतणी वेदश्री, इंजिनियरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवती, ती म्हणाली, काकू, एकटी बसून भिंतीकडं बघत असतेस, त्यापेक्षा कौद्या वीक जगाला. मी म्हटलं, जगाला आपली चिंध्यांची गोधडी कशाला लागती? लागती म्हणाली. फोटो काढले, वेबसाइट केली, 'इंदुमतीची कौदी, धारवाड' — आणि खरंच लागती की! जगाला थंडी फार आहे असं दिसतं. हां, रोज सकाळी फोनची वायर त्या खोक्याला लावायची, ते कुंई-कुंई करतं, आणि मग कोण कुठली बाई दिसती — मला अशी एक कौदी पाहिजे. तेवढ्या वेळात कुणी मेलं तरी घरचा फोन लागत नाही, ते सोडा.

पण कौदी मी शिवत नाही हं. मला साधी गुंडी नीट लावता येत नाही, हे खोटं कशाला बोलू. शिवती ती लक्कव्वा. कलघटगीची. आठच्या बसनं यायची, ही इथं फरशीवर बसायची, पाय लांब करून, भोवती जुनी लुगडी, धोतरं, काय काय — आणि कडेपासून टाके घालत घालत आत जायची. आठ दिवसांत एक कौदी. आता मुद्द्याचं ऐका, लिहून घेणार असाल तर हे घ्या. शेवटचा एक कोपरा ती उघडा ठेवती. ते कौदीचं तोंड. त्यात होळगीचा — पुरणपोळीचा हो, बेळगावात तुम्ही पोळी म्हणत असाल — एवढासा तुकडा, तव्यावर कडक वाळवलेला, घालती, आणि मग तोंड शिवती. का? का म्हणजे काय? कौदी जन्मभर माणसाला ऊब देणार, तिला आधी घास नको घालायला? 'हसकोंड कौदी मनी बिट्ट होगबारदु' — उपाशी कौदी घराबाहेर पडू नये. लक्कव्वाच्या आईनं घातला, आजीनं घातला. कुणी तुमच्या खात्याला विचारलं नव्हतं तेव्हा.

मुंग्या? नाही लागत. का लागत नाहीत ते मुंग्यांना विचारा.

वेदश्रीला ही गंमत वाटली, तिनं ती वेबसाइटवर लिहिली. तिथं चुकलं. आधी माणसं फक्त कौद्या घेत होती, आता जेवणाबद्दल विचारायला लागली. पुण्याचे एक गृहस्थ — घासात कांदा-लसूण आहे का? अहो, होळगीत कांदा कोण घालतं? बंगळूरचा एक सॉफ्टवेअरवाला, एक्सपायरी डेट काय. सांगलीच्या एक बाई — एकादशीला ही कौदी पांघरली तर उपास मोडतो का? दोन दिवस विचार केला मी त्याच्यावर, हसू नका, कुणाच्या तरी उपासाचा प्रश्न होता. मग लिहिलं, खुशाल पांघरा, कोपरा चोखू नका म्हणजे झालं. जर्मनीची एक हिल्डा म्हणून आहे, फार गुणी, तिनं विचारलं, तुम्ही एकदा जेवू घातलंत, आता पुढं मी किती वेळा घालायचं? मी लिहिलं, एकदाच पुरतं. तिला पटेना. ती दर रविवारी कौदीसमोर बशी मांडती म्हणे, आणि कौदी फार शांत झाली आहे असं कळवती. आता शांत झाली म्हणजे आधी काय करत होती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मग वेदश्रीनं यादीच टाकून दिली — कौदीचं जेवण निवडा : होळगी, भाकरी, चपाती-गूळ. एकानं तिन्हीवर खूण केली. एकानं वडिलांना मधुमेह आहे म्हणून बिनसाखरेची कौदी मागितली!

लक्कव्वाला मी हे सगळं वाचून दाखवायची. दुपारी, चहा घेताना. ती हसत नव्हती, बरं का. ती म्हणायची, विचारतात ते बरंय की अक्कार, माणसं काळजीनं विचारायलेत. मधुमेहवाल्यासाठी तिनं वेगळी, नुसत्या डाळीची केली. चवीला कशी झाली कुणास ठाऊक, खाल्ली ती कौदीनं.

आणि मग ते हॉलंडचं पार्सल. तिथल्या विमानतळावर कुत्रं असतं म्हणे वास घेणारं. आमच्या कौदीपाशी येऊन ते जे बसलं, ते उठेना. त्यांनी कोपरा उसवला, तर आत होळगी! पार्सल आलं परत, त्यावर लाल चिठ्ठी — अघोषित खाद्यपदार्थ. त्याची एक प्रत तुमच्या खात्यात, तुमची नोटीस माझ्या दारात. एक तर खाद्यपदार्थ घालणं बंद करा, नाही तर परवाना काढा. मी म्हटलं काढू की, त्यात काय! फॉर्म आणला. भटारखान्याची लांबी-रुंदी. आचाऱ्यांना संसर्गजन्य रोग आहेत का. उंदरांचा बंदोबस्त काय केला. दर महिन्याचं उत्पादन — मी हिशेब करून खरं लिहिलं : दीड होळगी. तुमच्या त्या काउंटरवरच्या माणसानं फॉर्म परत टाकला माझ्या अंगावर. म्हणाला, बाई, टन लिहायचे असतात इथं. आता दीड होळगीचे टन मी कसे करू?

म्हणून तुम्हाला बोलावलं. नाही, तुम्ही तपासायला आलात हे मला माहीताय, पण मीही तुमची वाट बघतच होते. मला परवाना नको. मला फक्त एक ओळ पाहिजे, तुमच्या शिक्क्याची : कौदीच्या कोपऱ्यातला घास हा खाद्यपदार्थ नव्हे. बास. विचार करा, जे कुणी खात नाही, खाणार नाही, शिवून बंद केलंय, ते खाद्य कसं? देवापुढचा नैवेद्य निदान नंतर आपण खातो. हे तर तेही नाही. ही एक ओळ घेऊन मी उद्या आठच्या बसनं उलटी कलघटगीला जाणार, आणि लक्कव्वाला वाचून दाखवणार.

कारण ती येत नाही हो. दीड महिना झाला. अकरा जणांच्या कौद्या अडल्यात, ते असू दे, ते थांबतील. ती येत नाही. नोटीस आल्यावर मी तिला एवढंच म्हटलं, लक्कव्वा, थोडे दिवस घास नको घालू. तेवढ्यावर रुसली, सुई-दोरा उचलला, गेली. उगीच. मी काय वाईट बोलले सांगा? बारा वर्षं येत होती ती ह्या घरात. आधी आमच्याच घरच्या कौद्या शिवायला यायची, नंतर जगाच्या.

थांबा, दाखवतेच तुम्हाला. ही बघा होळगी — ह्या पानात. आज सकाळीच आली. कलघटगीच्या बसचा कंडक्टर आहे, मारुती म्हणून, तो देऊन गेला. मी म्हटलं, कुणी दिलं? म्हणाला, लक्कव्वानं. काय म्हणाली? तर म्हणाली, मी येत नाही, पण तिथं माझ्या एका कौदीचं तोंड उघडं राहिलंय, तिला उपाशी पाठवू नका. तेवढंच. बघा कशी पातळ लाटलीय, ह्यातून वर्तमानपत्र वाचता येईल. घ्या ना, वास घ्या, हात लावून बघा, तुम्हीच ठरवा हे काय आहे ते. हे तुमच्यापुढं ठेवते. आणि चहा घ्या, निवला. मी आतून त्या ईमेलांचे कागद आणते, सुभाष रोडवरच्या सायबर कॅफेतून छापून आणलेत सगळे, हिल्डाचं तर तुम्ही वाचलंच पाहिजे —

— ऐकू येतंय ना? मी आतूनच बोलते. हे कपाट अडकतं — एक सांगू का, ते मी खोटं बोलले मघाशी. नुसतं 'घालू नको' म्हटलं असतं तर ती गेली नसती. भांडली असती, राहिली असती. मी म्हटलंच नाही तिला. नोटीसही दाखवली नाही. तिच्यासमोर रोज मान डोलवायची, आणि ती पाचच्या बसला गेली की हीच मी, कात्री घेऊन, एकेक कोपरा उसवायची, घास काढायची, आणि परत शिवायची. मला शिवता येत नाही म्हटलं ना! धाडायच्या राहिलेल्या तीन कौद्या अशा केल्या. घास कावळ्यांना टाकले. चौथ्या दिवशी तिनं एक कौदी उचलली, कोपऱ्यावरनं नुसता अंगठा फिरवला — आपली गाठ कुठली आणि परकी कुठली हे तिला अंगठ्याला कळतं. माझ्याकडं असं बघितलं, जसं मी कुणाच्या पुढ्यातलं ताट ओढलंय. आणि गेली. — कुठं ठेवले मेले कागद — खरं सांगते, साहेब, मला ते जग आणि त्या कौद्या, काही नको. मला ती इथं फरशीवर बसलेली पाहिजे. दुपारी तीन वाजता कुणाला तरी काहीतरी वाचून दाखवायचं असतं मला, आणि घरात कुणी नसतं. आता हिल्डाचं पत्र आलं तर मी भिंतीला वाचून दाखवते का काय? आज ही होळगी आली तेव्हा मी त्या पानासमोर बसून रडले, म्हाताऱ्या बाईनं रडावं तशी. म्हटलं, पाठवली ना, म्हणजे राग सगळा नाही. एक ओळ पाहिजे फक्त. ती मिळाली की मी जाऊन सांगेन, लक्कव्वा, चुकले, आणि हे बघ, सरकारनंही मान्य केलं. एवढ्या मोठ्या माणसानं मान्य केलं म्हणजे तिला — सापडले! सापडले बघा. हे हिल्डाचं, आणि हे सांगलीच्या बाईंचं —

पान रिकामं कसं?

अहो. होळगी कुठाय?

…खाल्लीत?

नाही, नाही, मी 'घ्या' म्हटलं होतं, खरंय. 'वास घ्या' म्हटलं होतं. चहाबरोबर ठेवलीय असं वाटलं — हो. वाटणारच. अख्खी खाल्लीत? एवढासा तुकडासुद्धा — हां. असू दे. पाणी घ्या, ठसका लागेल.

बोट चाटू नका हो माझ्यासमोर.

कशी होती? …सांगा की, कशी होती? मी नव्हती चाखली. बारा वर्षांत तिच्या हातची मी एकदाही चाखली नाही — ती कौदीची असायची, मी कशी खाऊ?

…वेलदोडा घातला होता? जायफळही?

कौदीसाठी?

बरं. लिहा आता तुमच्या कागदावर, खाद्यपदार्थ आहे म्हणून. लिहा. खोटं लिहायला मी कशी सांगू तुम्हाला, पोटात आहे तुमच्या. शिक्का मारा आणि उठा, साहेब. चप्पल बाहेर आहे. नाही, मला काही समजावू नका. जा तुम्ही.