अक्काच्या डब्यातले तुकडे

आमचं मूळ गाव राधानगरीकडं, धरणाच्या वरच्या अंगाला, भाताची चार खाचरं आन् दोन म्हशी, आन् मी पाच वर्सांचा असताना आई गेली, तवा मला वाढवलं ते अक्कानं, म्हंजे माझ्या थोरल्या भणीनं. काय सांगू तुम्हाला, चौथीतनं शाळा सोडली तिनं माझ्यापायी, आन् मी कोल्हापुरात राहून फार्मसी शिकलो. तिला मलकापुराजवळच्या वाडीत दिलेली, म्हणून मेडिकल बी मलकापुरातच टाकलं, नारळ तिच्याच हातनं फोडला.

आता दुकानाचं सांगतो. हितं गोळीचं नाव कुणी सांगत न्हाय. गोळ्या संपल्या की पाकिटाचा नाव छापलेला तुकडा जपून ठिवायचा, कुणी मोबाईलच्या कव्हरात, कुणी देवाच्या फोटोमागं, आन् परत दुखलं की त्यो आणून काउंटरवर टाकायचा, हीच द्या, चारच द्या. डॉक्टरची चिठ्ठी विचारली तर म्हणायचे अख्खा दिवस जातोय, रोजगार बुडतोय, आन् ते बी खरंच की. मग मी कात्रीनं पट्टी कापून चार द्यायचो. त्यातल्या दोन खाऊन बरं वाटलं की उरलेल्या दोन डब्यात. जंतू अर्धमेला सोडला की त्यो शाना होतोय, पुढच्या बारीला औषधाला जुमानत न्हाय, हे मी शिकलेलो, पाठ होतं मला, आन् तरी कापत होतो. माझाच मला राग येतोय हे सांगताना.

आन् अक्का म्हंजे तर ह्या सगळ्यांची म्होरकी. बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता तिच्याकडं, त्यात सगळे तुकडे, वाचाय जेमतेम यायचं पर रंगावरनं ओळखायची, हिरवी पट्टी खोकल्या-तापाची, तांबडी लघवीच्या जळजळीची, रुपेरी जुलाबाची. वाडीत कुणाचं पोर फणफणलं की ही तुकडा घेऊन बाजारच्या दिवशी हजर, आन् गावभर सांगायची, माझा भाऊ डॉक्टरपेक्षा कमी न्हाय. मला बरं वाटायचं ते, खोटं कशाला बोलू. एकदा मी दुकानात पाटी लावली, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही. अक्कानं ती वाचली, एकेक अक्षर जुळवत, आन् सगळ्या गिऱ्हाइकांदेखत हसली, आता भणीकडं चिठ्ठी मागणार व्हय रं सदा? मी लाजलो. दुसऱ्या दिवशी पाटीवर कॅलेंडर अडकवलं.

गेल्या साली गणपती उठल्यावर तिला थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ. तांबडा तुकडा घेऊन आली, मी गोळ्या दिल्या. चार दिवसांनी परत आली, उतरंना म्हणाली, तर मी म्हटलं थांब, जरा भारीतली देतो. भारीतली दिली, पावणं, मीच दिली, तपासणी न्हाय काय न्हाय. मग तिची शुद्ध जायला लागली तवा दाजींचा फोन आला, आन् आम्ही तिला कोल्हापुरात आयसीयूत न्हेली.

जंतू लघवीतनं रक्तात उतरलेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद माझ्या हातात दिला, तुम्ही मेडिकलवाले ना, बघा. औषधांची नावं एकाखाली एक, आन् प्रत्येकाच्या पुढं इंग्रजी आर, म्हंजे ह्यो जंतू त्या औषधाला दाद देत न्हाय. ती नावं मला वाचाय लागली न्हाईत हो. तांबडी पट्टी, हिरवी पट्टी, रुपेरी पट्टी, ती भारीतली, माझ्या दुकानाची फळीच त्या कागदावर उतरलेली. लागू पडंल असं एकच इंजेक्शन राहिलेलं, ते किडनीला सोसंना. बाई म्हणाल्या, एकट्या तुमच्यामुळं झालं असं म्हणता येत नाही. पर एकट्या माझ्यामुळं न्हाय, म्हंजे माझ्यामुळं बी हायच की. नवव्या दिवशी अक्का गेली. जिनं मला भरवलं तिला मी असं भरवलं.

बारावं झालं आन् मी कॅलेंडर काढलं. आता पाटी उघडी हाय आन् दुकान बी रिकामंच हाय. लोक शिव्या घालत्यात, लई शाना झाला म्हणत्यात, आन् रस्त्यापलीकडं नवीन मेडिकल झालंय तिकडं जात्यात. जाऊ देत, मला त्याचं काय वाटत न्हाय.

पर गेल्या बाजारला अक्काची सून आली, काखेत नातू, अंग तापलेलं, आन् हातात अक्काच्या डब्यातला हिरवा तुकडा. सासूबाईंनी ठिवलेला हाय मामा, हीच गोळी लागू पडती त्याला. मी म्हटलं, पोरी, ताप कशाचा हाय ते बघू दे डॉक्टरला, चल, दुकान बंद करतो, मी संगं येतो सरकारी दवाखान्यात. ती म्हणाली, गाडी सुटंल. मग म्हणाली, सासूबाईंना कधी न्हाय म्हणाला न्हाईसा, त्यांच्या नातवालाच न्हाय म्हणता? ती रस्ता ओलांडून गेली, आन् त्या दुकानदारानं कात्री घेऊन पट्टी कापली, ते मी हितनं बघत बसलो.

देव त्या पोरीला सुखी ठिवू दे. पोरगं त्या चार गोळ्यांनीच बरं होऊ दे, मला खोटं पाडून बरं होऊ दे. आन् बरं झालं की त्यो तुकडा परत डब्यात जाणार, हे बी मला ठाव हाय.