हिरवी, लिही

— बसा हो साहेब, स्टूल डुगडुगतं पण पाडत नाही कुणाला. काय विचारत होतात? हो, पोरगी होती ना इथं. त्या दिवशी स्वतः आली, याच टेबलापाशी उभी राहिली. लिहा तसं. तुमच्या कारखान्याचे स्विच माझ्याकडे दुरुस्तीला येतात आणि तुमच्यातर्फे तीच तपासून नेते — बाप म्हणून सवलत नाही हं, उलट जास्तच कटकट. दिवा बंद करायचा, मी बसवलेल्या नव्या तांब्याच्या पट्टीची कड कानशीनं घासायची, विजेची तार टेकवून ठिणगी पाडायची आणि तिचा रंग चिठ्ठीवर लिहून सही करायची. नियम तुमचाच. रंग कशाला? अहो, ठिणगीत त्या धातूचाच कणभर भाग वाफ होऊन पेटतो, जसा धातू तसा रंग. तांबं हिरवं, जस्त निळसर, लोखंड पिवळं. दुकानदार खोटं बोलेल, ठिणगी नाही बोलायची.

मग पट्टी लोखंडाची कशी निघाली? — तेच तर! वरून तांब्याचा मुलामा, आत लोखंड. ती तापली, भडकली आणि तुमच्या फिटरचा हात भाजला. दोन बोटं गेली बिचाऱ्याची. भेटायला गेलो तर मलाच विचारतो, काका, गुडघा कसा आहे तुमचा? मान वर करवेना हो, इतकी लाज वाटली. नुसता लोहचुंबक लावला असता तरी कळलं असतं. हा काय, खणातच आहे. पण तीस वर्षं नजरेनं धातू ओळखला, आता चुंबक लावू? कमीपणा वाटला, दुसरं काय.

नाही, डोळ्यांना काही झालेलं नाही. म्हणजे मोतीबिंदू आहे, पण या वयात कुणाला नसतो? जरा पिवळट दिसतं सगळं, दूधसुद्धा. पोरीला नाही सांगितलं. काम बंद केलं असतं तिनं माझं, मग दिवसभर भिंतीशी बोलू? — तर ठिणगी पडली. मला दिसली पिवळी. पण मला तर सगळंच पिवळं दिसतं, म्हणून मनातल्या मनात वजाबाकी केली — पिवळी दिसतेय म्हणजे हिरवीच असणार. वर्षभर असंच चाललंय आणि एकदाही चुकलं नव्हतं! म्हटलं, हिरवी, लिही. तिनं लिहिलं. ती दाराकडे तोंड करून फोनवर होती, तुमच्याच मोठ्या साहेबांचा फोन, माल कधी येतोय म्हणून. बापानं सांगितलं, तिनं सही ठोकली. तिचा काय दोष? सगळं माझ्या नावावर टाका साहेब. तिनं तर ठिणगी बघितलीच नाही —

काय? न बघता सही म्हणजे खोटी सही? आणि बघून चुकली असती तर? ... नुसती ताकीद?

आणि आता नोकरीच जाणार तिची?

नाही, नाही, थांबा. ती होती इथं, तुम्ही आल्याआल्याच सांगितलं मी, सांगितलं की नाही? तेवढंच धरा. तिनं बघितलं, चांगली वाकून बघितलं, तिचीच नजर चुकली. म्हातारा काहीही बरळतो, त्याचं काय मनावर घ्यायचं! साहेब, पेन ठेवा ना खाली. काय लिहिताय एवढं? मला नाही हो दिसत इतकं बारीक. वाचून तरी दाखवा — साहेब?