कॅन रिकामीच आण

"हॅलो?… हॅलो, कोण?… हां सिंधे, बोल वं. कुठपर्यंत आली?… खामगावले? स्टँडावर? मंग काय, तासा-दीड तासात पोचतंच तू. अकराले काल्याचं कीर्तन उभं राह्यते, साडेबाराच्या आत आली तं दहीहंडी सापडते… काय?… मोठ्यानं बोल, इथं भोंगा चालू हाय… कॅन?… नाही. नाही, नाही. भरू नको."

सुभद्राबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि मशीनच्या खोलीचं दार पायानं लोटून घेतलं. देवळाच्या मागच्या भिंतीला लागून ही पत्र्याची खोली चार महिन्यांपूर्वी उभी राहिली, आणि तेव्हापासून तिची किल्ली सुभद्राबाईंच्या कमरेला असे. चिखलीला दिलेली त्यांची धाकटी बहीण सिंधूताई गेली बत्तीस वर्षं या गावी येताना खामगावच्या स्टँडावर उतरून पाण्याची कॅन भरून घेत आली होती. पूर्णेकाठच्या या खाऱ्या पट्ट्यात सोयरेधायरे यायचे ते असेच, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पाणी. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. सुभद्राबाईंना वाटायचं, पण त्या कधी बोलल्या नाहीत. सख्ख्या बहिणीनं आपल्या घरच्या पाण्याचा चहा एकदाही घेतला नाही, ही गोष्ट त्या वर्षानुवर्षं गिळत आल्या होत्या, त्या पाण्यासारखीच.

"तुले म्हटलं ना मागच्या फोनवर, औंदा टँकर नाही सांगतला… एक बी नाही. सहा दिवस सप्त्याचा सैपाक मशीनच्या पाण्यावर झाला, आज आठशे पान उठन, तेबी याच पाण्यावर… कमिटीले मीच सांगतलं. म्हटलं टँकर आला तं हे किल्ली घ्या अन मशीन तुमीच चालवा. मंग कोणी बोललं नाही… भेव कायचं? चाळीस वर्षं टँकरच्या पाण्यानं काला केला आपन. देवाले बी वाटत असन, या गावात आपल्या घरचं काही हाय का नाही."

तिकडून काहीतरी लांबलचक आलं. सुभद्राबाई फोन धरून मान हलवत राहिल्या. समोर मशीन मंद आवाजात घूं घूं करत होतं. पेटीएवढ्या लोखंडी चौकटीत एकावर एक दाबून बसवलेले पातळ पडदे, दोन्ही टोकांना विजेच्या तारा, आणि खालून निघालेले दोन पाइप, एक गोड्या टाकीत सोडलेला, दुसरा बाहेरच्या ताडपत्रीच्या खड्ड्यात.

"अवं, तुह्या घरचं फिल्टर वेगळं. त्याच्यात पाणी दाबून दाबून काढतात अन अर्धं फेकून देतात. याच्यात पाण्याले कोणी ढकलत नाही, मीठच उठून जाते… कसं म्हंजे? ऐक ना. जानेफळची धम्मशीला, इंजिनियर पोरगी, तिनं हे बसवलं तवा मलेबी नाही समजलं. म्हटलं पोरी, मले मांडवातलं सांग… हां. तं मांडव हाय असं समज. बाया-बापे सारे मिसळून बसले. ते झालं मीठ. मांडवाच्या या टोकाले एक देऊळ, त्या टोकाले दुसरं. ईज सुरू केली का बायाइले या देवळाची ओढ लागते, बाप्याइले त्या देवळाची. मधात आडवे पडदे बांधले. एका पडद्यातून बायाच जातात, त्याच्या पुढच्यातून बापेच… हाव, एकाआड एक. मंग देवळापर्यंत पोचते का कोणी? एक पडदा ओलांडला का दुसऱ्यापाशी अटकले. बाया बी तिथंच, बापे बी तिथंच. ते बोळ झाली खारी. अन ज्या बोळीतून सारे उठून गेले, तिथं निस्तं पाणी राह्यलं. बसल्या जागी, कीर्तन आयकत."

"हास, हास. पण समजलं का नाही?… मंग."

सुभद्राबाईंच्या बोलण्यात कीर्तन असं न बोलावताही यायचं. सात-आठ वर्षांच्या होत्या तेव्हापासून बापाच्या मांडीवर बसून त्यांनी कीर्तनं ऐकली होती. शाळा चौथीपर्यंत झाली. बाकीचं जग त्यांना बुवांच्या दृष्टान्तांतूनच कळलं होतं, आणि अजून ते कुठं कमी पडलं नव्हतं.

"नाही, फक्त एक काम हाय. पडद्याले मिठाची पापडी धरते. म्हणून तासातासाले ईज उलटी होते. या टोकाचं देऊळ त्या टोकाले… ते आपोआप होते, घंटी वाजते. पण देवळं बदलली का बोळीबी बदलतात. गोडीची खारी, खारीची गोडी. तवा हे दोन पाइप हातानं बदला लागतात… होता, आपोआप बदलनारा खटका होता, तो मागच्या हप्त्यात अटकला. नवा येऊन राह्यला. तवापर्यंत आमी हाओत ना. आठले मी बदलले, नऊले मी बदलले, दहाले तुह्या भाऊजीचा नंबर होता. मी लुगडं बदलाले घरी गेलती, आत्ताच येऊन राह्यली… तुले काऊन एवढी शंका वं? आमच्या मामंजीची किडनी या पाण्यानं गेली तवा डॉक्टर म्हने, पाणी बदला. पाणी काय लुगडं हाय बदलाले? घरी जाऊन रडली होती मी. आता बदललं, तं माही बहीणच कॅन घेऊन येते… थांब. तुले पिऊनच सांगते. स्टीलचा गिलास हाय माह्या हातात. टाकीचा नळ सोडला… आयकू येते ना?"

त्यांनी मोठा घोट घेतला. आणि तो तसाच तोंडात धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग मोरीत थुंकल्या.

"…काही नाही… हाय, हाय, इथंच हाय. फोन ठेवू नको, सिंधे."

त्या वाकल्या. दोन्ही पाइप नऊ वाजता त्यांनीच लावले होते, अगदी तसेच होते. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

"हाव. खारं हाय… तुह्यापासून काय लपवू? खोटं बोलून पाणी पाजू का तुले? दहाले पाइप बदललेच नाहीत कोणी. पन्नास मिनिटं झाली, खारं पाणी गोड्या टाकीत पडून राह्यलं… नाही, मशीननं तिचं काम केलं. मशीनले काऊन बोलतं?… पाह्यते ना. खिडकीतून पाह्यते… दिसले. तुहे भाऊजी दिसले."

मांडवात, विठोबासमोर, इंद्रभानजी गळ्यात वीणा घालून उभे होते. ओठांवर नाव, हातात तार, आणि नजर मशीनच्या खोलीकडं. खिडकीत बायको दिसताच त्यांनी मान अशी हलवली की टोपी कपाळावर आली.

"वीणा हाय त्याइच्या गळ्यात… आठ ते दहाचा पहारा त्याइचा होता. दहाले पुढच्या पहाऱ्याचा प्रज्वल येनार होता, तो दह्याचे हंडे आणाले गेला अन अजून आला नाही… खाली ठेवता येते का वं? सात दिवसांची अखंड वीणा. भुईले लागली तं सप्ता मोडला. अन पहाऱ्यावाल्यानं बोलावं कसं, तोंडात नाव हाय… मघाशी येताना मी पाह्यलं बाप्पा, मान हालवून राह्यले होते. म्हटलं आज लयच रंगले. ते मले पाइप दाखवून राह्यले होते."

हे सांगताना त्यांना हसू आलं, आणि हसतच त्यांनी फोन खांद्यात दाबून दोन्ही पाइप ओढून काढले, अदलाबदल करून बसवले, आणि टाकीच्या बुडाची तोटी सोडली. खारं पाणी खळखळत खड्ड्याकडं निघालं.

"झालं. बदलले… हां, आयकून राह्यली, बोल… डाळीचं वरन?"

हा प्रश्न त्यांनी स्वतःला अजून विचारला नव्हता. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ संध्याकाळपर्यंत उकळली तरी दाणा फुटत नाही, हे या पट्ट्यात लहान पोरीलाही ठाऊक. चाळीस किलो डाळ चुलीवर होती, आणि तिचं पाणी याच टाकीतून गेलं होतं.

"चालता चालता बोलते. सैपाकाकडं चालली… अन्नपूर्णाबाई, ओ अन्नपूर्णाबाई, डाळीले पाणी कवा घेतलं तुमी?… दहाच्या आसपास म्हंजे? आधी का मागून?… घड्याळ नाही पाह्यलं. बरं… आयकलं का, सिंधे? सैपाकाच्या मुख्य बाईनं घड्याळ नाही पाह्यलं… चाखून? तुले येड लागलं का? नैवेद्य दाखवला नाही अजून, चाखते कशी? देवाच्या आधी माह्या तोंडात?… भाऊ, टँकरले फोन नका लावू. मी हात जोडते, दोन मिनिटं नका लावू… कमिटीवाले आले वं, मोबाइल काढूनच उभे हाएत. अन्नपूर्णाबाई, झारा द्या इकडं."

चुलीवरचा हंडा रटरटत होता. वाफेत हात घालून सुभद्राबाईंनी झाऱ्यावर चार दाणे उचलले, पण फुंकर घातली नाही, नैवेद्यावर फुंकर घालत नाहीत म्हणून. दाणे निवेपर्यंत त्या तशाच उभ्या. भोंग्यावर टाळ लागले होते. अन्नपूर्णाबाई पदर तोंडाशी धरून बघत होत्या, कमिटीचा माणूस बघत होता, आणि फोनच्या त्या टोकाला खामगावच्या स्टँडावर बसचा भोंगा वाजत होता.

त्यांनी एक दाणा अंगठा आणि बोटाच्या मधे धरला.

"…फुटला."

मग दुसरा धरला.

"हाबी. लोण्यावानी, सिंधे. बोटाले निस्तं पीठ लागलं… आधीचंच पाणी हाय. गोडं पाणी हाय ते. भाऊ, ठेवा तो मोबाइल खिशात… हाव, मी रडत नाही वं, चुलीचा धूर हाय."

त्या खोलीकडं परत निघाल्या. टाकी रिकामी होत होती, आणि ती प्यायच्या पाण्याची होती.

"आता सारी टाकी काढून देते. धुते अन पुन्हा भरते. मशीन तासाले पाचशे लिटर देते, पहिली पंगत एक वाजता, होते बरोबर… कोण म्हंजे? मीच बसते ना इथं. अकराले बदलले, बाराले बदलले का झालं… कीर्तन?… कीर्तनाचं काय, भोंगा हाय."

काल्याच्या कीर्तनाला सुभद्राबाईंची जागा ठरलेली होती, बुवांच्या डाव्या हाताला, पहिल्या रांगेत, पखवाजाच्या शेजारी. बाळंतपणात सुद्धा चुकली नव्हती. बारा दिवसांच्या थोरल्याला पदरात घेऊन तिथं बसल्या होत्या.

"अवं, बुवाच म्हनतात ना, गौळणी काला खायले आल्या तवा दूध तापत ठेवून नव्हत्या आल्या. ज्याचं काम त्यानं आवरून यावं… नाही, मले वाईट नाही वाटत. थोडं वाटते. पण आयक, आठशे लोकं पहिल्यांदा या गावचं पाणी पितीन. त्याइच्यासमोर एक गिलास बी खारा गेला तं पुढच्या साली टँकर उभा राहीन, अन मंग मी कितीबी दृष्टान्त देवो… काल्याचा प्रसाद कोणीतरी हातावर आणून देईन."

त्यांनी पाटावर बसकण मारली. मशीनच्या नळाखाली वाटी धरली, एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, आणि या वेळी गिळला.

"आता येऊन राह्यलं गोडं… सिंधे, मी तुले सुरुवातीले म्हटलं, भरू नको. आता नाही म्हनत. खारं पडलं तेबी तुले सांगतलं, डाळ फुटली तेबी सांगतलं. तुह्या मालकाले पथरी होऊन गेली, तुले भेव वाटनं साहजिक हाय. कॅन भरून आनली तरी तू माही बहीणच. तिकडच्या खोलीत ठेवीन, कोणाले दिसनार नाही… तुहं तू ठरव."

तिकडून एक आवाज आला. सुभद्राबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"…हॅलो? सिंधे? हा आवाज कायचा होऊन राह्यला?… भरली होती? मले फोन लावायच्या आधीच?… अन आता ओतून राह्यली? थांब. थांब बाई, डांबरावर ओतू नको. गोडं पाणी हाय ते. बसमधी कोणाची बाटली रिकामी असन, त्याले दे… तिथं कंडक्टर असन, त्याले विचार… त्या नळापाशी निंबाचं झाड हाय ना लहानसं, त्याच्या आळ्यात घाल… हां. तसं. हळूहळू घाल, मुरू दे."

त्या ऐकत राहिल्या. ते पाणी मुरताना ऐकू येण्यासारखं नव्हतं, तरी ऐकत राहिल्या.

"झाली रिकामी?… बरं. आता झाकण लाव अन घेऊन ये… टाकून नको देऊ वं, रिकामीच आण. जाताना भरून देते. चिखलीले नेऊन तुह्या सासूले पाज, म्हना खारपट्ट्यातलं पाणी हाय, पाहू काय म्हनते… आल्याबरोबर चहा ठेवते. इथंच, या खोलीत. साखर किती घेतं तू?… पाह्य बरं, मले मालूमच नाही."

डोक्यावरची घंटी किणकिणली. अकरा वाजले होते.

"चाल, घंटी झाली. पाइप बदलू दे… हाव. हाव, ये. ठेवते."

त्यांनी फोन कमरेला खोचला. भोंग्यावर बुवांनी पहिला आलाप घेतला, आणि त्याच वेळी, वीणा प्रज्वलच्या गळ्यात देऊन सुटलेले इंद्रभानजी मानेवरचा वीणेचा वळ चोळत, धापा टाकत दारात उभे राहिले. सुभद्राबाईंनी दोन पाइपांतला एक त्यांच्या हातात दिला, दुसरा आपण घेतला.