आभाळात उभा ट्रक

गजूशी मी महिनाभर कायले बोललो नाही, सांगू? एका गेमपायी.

शाळेपासून आमी दोघं ट्रकचा एकच गेम खेळत होतो. त्यात एक चूक होती. पुलाजवळच्या भिंतीवर ट्रक रिव्हर्स घातला की तो आरपार निघे अन् निळ्या आभाळात तरंगत राहे. ना रस्ता, ना आवाज. आमी तिथंच ट्रक उभा करून गुपचूप बसत होतो.

यंदा तोच गेम नव्यानं आला अन् अपडेट होताच फोनातला जुना गायब झाला. नव्यात चिखल खरा, अन् भिंतही खरी.

मी म्हटलं, "गजू, आपलं आभाळ बुजवलं बे त्यायनं."

"काहून रडून राह्यला? नवीन एक नंबर आहे!"

झालं, अनसिंग गावातल्या चहाच्या टपरीवरच आमचं बोलणं तुटलं.

परवा त्यानं घरी बोलावलं. बियाण्याच्या डब्यातून तडा गेलेला जुना फोन काढला.

"याले नेट दाखवू नको," तो म्हणे, "नाहीतर हाही सुधरून जाईन."

मी ट्रक रिव्हर्स घातला. चहा थंड झाला, तरी आमी आभाळातच होतो.

लय वेळानं गजू हळूच बोलला, "तरी सांगतो, नवीनच चांगला आहे."