आईची सही

नाही मैडम, मम्मी मीच. पलकची मम्मी. दरवेळी मीटिंगला येते ती हिची आत्या — प्रेमलताताई, माझी नणंद. तुम्ही सांगितलंत ना, मम्मीलाच पाठव, म्हणून आले. सुदामा नगरहून इथे यायला कितीसा वेळ, पण घरात विचारावं लागतं. आज मात्र ताईच म्हणाली, जा, निवांत ये.

हो, हीच वही. क्रीप शब्दाची जितकी होतील तितकी वाक्यं, असं होमवर्क होतं ना? मी सातवी शिकलेली, मला कुठे येतंय — पलकनेच डिक्शनरी वाचून दाखवली. बाळ रांगतं ते क्रीप, वेल भिंतीवर चढते ते क्रीप, चोरपावलांनी कोणी आत येतं तेही तेच, आणि थोडं थोडं करून वाढतं, कळतच नाही, तेही. मी मराठीत सांगत गेले, तिने इंग्रजी केलं. आमच्या बाळाचं, वेदांतचं वाक्य बरोबर दिलंत, मनीप्लांटचं दिलंत, मांजरीचंही. लाल गोल फक्त शेवटच्याला — आत्या आमच्या घरात क्रीप झाली. ग्रामर चुकलं असेल. नाही? मग?

तसं काही नाही हो. ताई चांगलीच आहे. वेदांतच्या वेळी माझं सिझर झालं, तेव्हा देवासहून चार दिवस मदतीला आली. दहा महिने झाले. आधी मालिश तिने घेतली, मग आंघोळ, मग बाटली — मला दूध पुरत नाही हे सासूबाईंना तिनेच सांगितलं. मग पाळणा तिच्या खोलीत, तुझी झोप होऊ दे म्हणून. दरवेळी मी थँक्यू म्हटलं, बोला. तिला मूल नाही ना, म्हणून नको म्हणायला जीभ उचलत नव्हती.

आमच्याकडे बाळ रांगत पहिल्यांदा उंबरा ओलांडतं ना, तेव्हा उंबऱ्याला कुंकू लावतात, आणि पलीकडे आई बसते गूळ-खोबरं घेऊन. आईच. त्याच दिवशी मला सासूबाईंनी चक्कीवर पाठवलं. पिठाचा डबा घेऊन परतले तर उंबऱ्यावर कुंकू, वेदांतच्या तोंडात गूळ. ताई म्हणते, अगं तो थांबलाच नाही. मी काय केलं? पीठ चाळायला बसले.

आता दिवाळीनंतर थोडे दिवस त्याला देवासला नेते म्हणते. थोडे दिवस — तिचे चार दिवस मी बघितलेत. हे म्हणतात, माझी बहीण आहे, खाणार आहे का त्याला? पण मी नाही पाठवणार. आज संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगणार आहे. ठरवलंय.

डायरीत सही? द्या. वाचता येतं मैडम — आईची सही. ह्या वरच्या कोणाच्या? जुलैपासून सगळ्या... नंदिनी, नंदिनी, नंदिनी. नाव माझंच आहे. पण मी ‘न’ असा नाही काढत.

नाही, मला डायरी कधी दिसलीच नाही. मला वाटलं, ती स्वतःच्या नावाने करत असेल.

वेदांत? तिच्याजवळच आहे. सकाळपासून त्याची झबली, दुपटी, लोकरीची टोपी घडी करत बसली होती — मी म्हटलंसुद्धा, ताई, टोपी कशाला, अजून थंडी कुठे —

हे पेन घ्या. सही राहू द्या. पलकला तुमच्याजवळ बसवा, मी येईपर्यंत कोणाबरोबर पाठवू नका.

आत्या आली तरी नाही.

सरका मैडम, जाऊ द्या मला.